शेवटच्या स्टॉपवरचं कुलूप

गोष्ट सुरू झाली ती अगदी साध्या कामाने. चावीवाल्याला घर हवं होतं, आणि त्याच्या ऐपतीत बसेल असं घर बसच्या शेवटच्या स्टॉपवर निघालं.

त्याचं दुकान शहराच्या ऐन मध्यावर, एक माणूस जेमतेम वळेल एवढं. दुकानामागे एक खोली, आणि त्या खोलीत तो आणि त्याची बायको एकवीस वर्षं राहत होते. आता जागेच्या मालकाला ती खोली मुलासाठी हवी होती. दुकान राहू द्या, खोली महिनाअखेर मोकळी करा, असं तो गोड बोलून सांगून गेला. त्यानंतर नवराबायकोने आसपासची एकही गल्ली सोडली नाही. "आपल्याला इथे परवडणाऱ्या जागेला लोक कपाट म्हणतात," बायको म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने शहरात बघणं सोडलं.

शेवटच्या स्टॉपवरचं घर दोन खोल्यांचं होतं. तिसरा मजला, खिडकीतून मोकळं रान, आणि स्वयंपाकघरात दिवसभर उजेड. बायको लोकांच्या कपड्यांची दुरुस्ती करायची. त्या उजेडात सुईत दोरा ओवून बघितला तर चष्म्याशिवाय ओवला गेला, आणि तिचं तिथेच ठरलं. चावीवाल्याचं ठरत नव्हतं. बसने दोन तास जायला, दोन तास यायला. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. हे रोज कसं झेपायचं, एवढाच त्याचा प्रश्न होता, आणि तो काही लहान नव्हता.

घराची मालकीण समोरच्याच दारात, आपल्या बहिणीकडे राहायची. कमी बोलणारी, सदा कानोसा घेत असल्यासारखी बाई. "चार दिवस राहून बघा," ती म्हणाली. "मंगळवारी सकाळी सांगा. एकच विनंती आहे, दाराचं कुलूप बदलू नका."

तिने दोन किल्ल्या पुढे केल्या. या बनावटीच्या कुलपाबरोबर तीन किल्ल्या मिळतात हे चावीवाल्याला पाठ होतं. "तिसरी हरवली का?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तिसरी आहे."

कुलूप लावताना त्याचा हात जरा थबकला. घर तीन वर्षं बंद होतं. बंद घराचं कुलूप कसं असतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? किल्ली जाते तिथे धूळ बसते, आतल्या पिना आळसावतात. हे कुलूप मात्र रोजच्या वापरातल्यासारखं लोण्यासारखं फिरलं. भोकाच्या कडा घासून चकचकीत झाल्या होत्या. बाई अधूनमधून झाडायला येत असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

शुक्रवारी तो दुकान आटोपून साडेआठला पोहोचला तेव्हा बायको स्वयंपाकघरातच उभी होती. हातात चहाचा कप, चहा कधीच गार झालेला.

"तुम्ही मघाशी येऊन गेलात का हो?" तिने विचारलं.

"आत्ता येतोय. का?"

"सव्वासातला दार उघडलं. किल्लीने. पिशवी ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची करकरली. आणि कुणीतरी असा उसासा टाकला... दिवसभर उभं राहून आलेला माणूस टाकतो ना, तसा. मला वाटलं, तुम्ही. चहा घेऊन बाहेर आले, तर..." ती थांबली. "खुर्ची रिकामी. दार बंद."

"भ्यायलीस?"

"नाही ना, तेच तर. वाईट वाटलं."

चावीवाल्याने आपल्या परीने अर्थ लावला. तिसरी किल्ली बाहेर कुणाच्या तरी हातात आहे, एवढंच. ज्या घराची एक किल्ली परक्याच्या खिशात, त्या घरात त्याच्यासारख्याला झोप कशी यावी? शनिवारी सकाळी त्याने विनंती बाजूला ठेवली, जुनं कुलूप काढलं आणि आपल्या पिशवीतलं नवं बसवलं. जुनं पिशवीत टाकून दुकानात नेलं आणि सवयीने पत्र्याच्या डब्यात फेकलं. जुनं कुलूप तो कधी टाकून देत नसे. डब्यात अशी शंभरेक होती, सुट्या भागांसाठी ठेवलेली.

त्या दिवशी तो मुद्दाम लवकर परतला. सव्वासात वाजता दोघं बाहेरच्या खोलीत बसली होती. दिवा लावलेला. बाहेर अजून पुरता अंधारही पडला नव्हता.

जिन्यात पावलं वाजली. जड, एकेका पायरीवर थांबत येणारी. दारापाशी आली. किल्ली आत गेली... आणि फिरली नाही.

बंद दाराशी खटपट करणारी माणसं चावीवाल्याने आयुष्यभर ऐकली होती. चोर हळू असतो, दारुडा आदळआपट करतो, घाईतला माणूस शिव्या देतो. हा यांपैकी कुणी नव्हता. त्याने किल्ली काढली, पुसल्यासारखा आवाज झाला, पुन्हा घातली. पुन्हा काढली. घाई नाही, राग नाही. आपलीच काहीतरी चूक होतेय असं समजणारा माणूस. दाराखालून ओल्या रबराचा आणि डिझेलचा वास आत आला, गर्दीच्या बसमध्ये येतो तसा.

"उघडा ना हो," बायको कुजबुजली. "दमलाय तो."

चावीवाल्याने मान हलवली. दाराच्या भिंगातून पाहिलं तर बाहेर दिवा होता, जिना होता, आणि कुणीही नव्हतं. किल्लीचा आवाज मात्र कुलपावर टेकलेल्या त्याच्या बोटांखाली चालू होता. मग दाराला पाठ घासत कुणीतरी खाली बसलं. तो उसासा चावीवाल्याने तेव्हा पहिल्यांदा ऐकला. वाईट वाटलं असं बायको का म्हणाली, ते त्याला कळलं.

रविवारी सकाळी मालकीणबाई दारात उभी होती. डोळे सुजलेले. "बदललंत ना कुलूप?" ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. तिचा नवरा शहराच्या मध्यावरच एका कचेरीत होता. घर परवडतं म्हणून इथे आले, आणि अकरा वर्षं त्याने ती बस केली. पाचला सुटायचा, सव्वापाचची बस, मागची खिडकी, सव्वासातला घरी. एका संध्याकाळी शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले, हा उतरला नाही. कंडक्टरला वाटलं, झोपलाय. "स्टॉपपासून दार चार मिनिटांवर," ती म्हणाली. "एवढंच राहिलं होतं त्यांचं. मला त्या घरात राहवत नाही. पण ते घरी पोहोचले, हे ऐकल्याशिवाय झोपही लागत नाही. तेवढं कुलूप परत लावा."

"उद्या आणतो," चावीवाला म्हणाला. त्या क्षणी त्याच्या मनात तेच होतं.

सोमवारी दुकानात एक गिऱ्हाईक दुपारभर रेंगाळलं, आणि कुलूप शोधायचं राहून गेलं. सव्वापाचच्या सुमारास पत्र्याच्या डब्यात काहीतरी हललं. उंदीर असेल म्हणून तो वाकला. शंभर कुलपांच्या ढिगात, तळाशी कुठेतरी, एक कुलूप फिरलं. एकदाच, अलगद. त्यामागून मागच्या खोलीत पिशवी टेकल्याचा आवाज आला. स्टूल करकरलं. आणि उसासा... पण हा वेगळा होता. लवकर घरी आलेल्या माणसाचा होता.

चावीवाल्याच्या अंगावर काटा आला, आणि तरी त्याला हसू फुटलं. अकरा वर्षं आणि वर तीन वर्षं दोन तासांची बस केलेल्या माणसाला अखेर कचेरीजवळ जागा मिळाली होती. तीही फुकटात.

त्या संध्याकाळी शेवटच्या स्टॉपवरच्या घरी कुणीच आलं नाही. बायको गाढ झोपली. तो जागा राहून हिशेब मांडत बसला. कुलूप परत लावलं, तर रोज सव्वासातला ती पावलं. नाही लावलं, तर दोन खोल्या, उजेड आणि शांतता. नवं घर शोधायला त्याच्या अंगात त्राणच उरलं नव्हतं. माणूस दमला की त्याला सगळ्यात सोपं तेच खरं वाटू लागतं.

मंगळवारी सकाळी त्याने मालकीणबाईला सांगितलं, "घर घेतो आम्ही. कुलूप मात्र... भंगारात गेलं. शोधलं, मिळालं नाही."

तिने जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग ते कुठे जातील हो?"

चावीवाल्याने खाली बघितलं. जन्मात गिऱ्हाइकाशी खोटं न बोललेला माणूस तो. शरम वाटली त्याला. पण शब्द त्याने मागे घेतला नाही.

महिनाअखेर सामान हललं. मागची खोली रिकामी झाली, तरी मालकाचा मुलगा तिथे एक आठवडासुद्धा टिकला नाही. का, ते त्याने सांगितलं नाही, आणि चावीवाल्याने विचारलं नाही. त्याला एकच गोष्ट जमेना. सव्वापाच वाजता दुकानात थांबणं. त्या सुमाराला डब्यातलं ते अलगद फिरणं ऐकायला नको, म्हणून तो पाचलाच फळी लावायचा. पाचला निघालं की सव्वापाचची बस मिळे. त्या बसला मागची खिडकी तेवढी मोकळी असायची. बाकी बस भरलेली, माणसं उभी, तरी तिथे कुणी बसत नसे. दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस आणखी काय करणार? तो बसायचा. पहिल्याच दिवशी कंडक्टरने काही न विचारता त्याच्या हातात शेवटच्या स्टॉपचं तिकीट दिलं.

दिवस गेले. तो वाळला. जेवताना डुलक्या घेऊ लागला. "पोहोचलात की निदान दोन शब्द बोला," बायको म्हणायची. "नुसती किल्ली वाजते, खुर्ची वाजते. कोण आलंय ते चहा आणल्यावर कळतं." यावर दोघं हसायची, पण हल्ली ती जरा कमी हसायची.

त्या संध्याकाळी बसमध्ये त्याचा फारच डोळा लागला. स्टॉप आला, तो उतरला. म्हणजे उतरलाच असणार, कारण पुढचं त्याला आठवतं ते जिन्यापासून. एकेका पायरीवर थांबत तो वर आला. समोरचं दार बोटभर उघडलं. मालकीणबाई फटीत उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. नुसतं ऐकलं, डोळे मिटले आणि "आले," असं पुटपुटून दार लावून घेतलं. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा निवळलेला होता.

त्याची किल्ली लोण्यासारखी फिरली. त्याने पिशवी ठेवली, खुर्चीत अंग टाकलं, आणि एक उसासा आपोआप बाहेर पडला.

बायको कप घेऊन बाहेर आली. उंबऱ्यातच थांबली. खुर्चीकडे बघत राहिली.

"अगं, दे ना," तो म्हणाला.

कप तिने हळूच टेबलावर ठेवला, खुर्चीच्या हाताशी, अगदी जपून. मग दोन पावलं मागे सरून तिने फोन लावला. चावीवाल्याने सवयीने खिशावर हात ठेवला. त्याचा फोन खिशातच होता, आणि तो वाजत नव्हता.

"अहो," ती हलक्या आवाजात फोनमध्ये म्हणाली, "कुठवर आलात?"

पलीकडून कुणीतरी बोललं, चावीवाल्याच्याच पेंगुळलेल्या आवाजात. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"बरं, बरं," ती म्हणाली. "बसायला जागा मिळाली ना? मग झोपा जरा. शेवटचा स्टॉप आला की कंडक्टर उठवेल."