कोरड्या होडीतला बर्फ

निघोज्यात समुद्र नाही, खाडीही नाही. तरी तिथल्या एका शेडमध्ये लोखंडी टेकूंवर चक्क एक होडी चढवून ठेवली होती. एसी-फ्रिज दुरुस्त करणारी मिनल त्या शेडच्या ऑफिसातला एसी नीट करून निघाली, तेवढ्यात त्या होडीतून कुणीतरी शीळ घातली. शिडी चढून तिनं आत डोकावलं, तर अंधारात पांढऱ्याफटक चेहऱ्याचं कुणीतरी तिच्याकडेच बघत होतं!

"आई गं!"

"भूत नाही हो... होडीचं फायबर घासतोय, त्याची पूड आहे ही. मी बुद्धभूषण." तो हसला. "फ्रिज बघता का? बंद पडलाय."

झालं, तिथून सुरुवात झाली. होडीचा फ्रिज म्हणजे फळीखाली बसवलेली, बॅटरीवर चालणारी पेटी. मिनलनं गॅस तपासला, फट राहिलीय का ते बघायला झाकणाच्या रबरात कागद धरून ओढून पाहिला, गारव्याचा काटा जरा जरा सरकवत बेताचा लावून दिला. तरी थोडे दिवस गेले की पुन्हा फोन यायचा. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटायचं. बुद्धभूषण टॉर्च धरायचा, तोही पेटीवर कमी आणि तिच्या तोंडावर जास्त.

"उजेड कामावर धरा."

"माझं काम... तिकडेच आहे."

होडी मात्र तिला आवडत नव्हती. भर दुपारी आत खारट वास यायचा, कोरडी फळी पायाखाली डुलायची. वॉचमन कोंडीराम तर शिडीलाही शिवत नसत. "पोरी, हिचा आधीचा मालक समुद्रात गेला त्यो गेलाच. होडी येकलीच परत आली. आजून वाट बघती ती त्याची."

आज मिनल रडवेली होऊनच आली होती. तिच्या साहेबांनी बजावलं होतं, आता तक्रार आली तर कामावर यायचं नाही. वायरी चाचपता चाचपता ती थबकली. बॅटरीची वायर कुणीतरी सोडवली होती, आणि स्क्रूवर पांढऱ्या बोटांचे ठसे होते.

"तुम्ही केलंत हे?"

त्यानं मान खाली घातली. "फ्रिज चालला की होडी मालवणला जाणार, तिच्याबरोबर मीही. मग तुम्ही... दिसणार कशा?"

"इथे माझी नोकरी जातेय!"

"नोकरी?" त्याचा चेहरा उतरला. "शपथ, माहीत नव्हतं. परवाच सोडवली मी ती वायर..."

तिनं रागारागानं झाकण उघडलं. आतला पत्रा ताज्या बर्फानं पांढराशुभ्र झाला होता. वायर तिच्या हातात लोंबत होती, आणि तरीही पेटीतून गार वाफ वर येत होती! होडी हळूच एका अंगाला कलली... तिनं त्याचा हात कधी घट्ट धरला, दोघांनाही कळलं नाही.

"खाली चला," ती कुजबुजली.

"आधी फोन." त्यानं तिथूनच मालकाला लावला. "शेठ, फ्रिज मीच बिघडवत होतो. मॅडमची काही चूक नाही. त्यांच्या साहेबांनाही सांगा."

पलीकडचा आरडाओरडा तिलाही ऐकू आला. मग फोन बंद झाला.

"माझं मालवण गेलं. इथलंही काम गेलं," तो म्हणाला.

तिचा राग कुठल्या कुठे पळाला. तिनं वायर नीट आवळली. काम अर्धवट टाकणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"शेठला सगळं सांगितलंत. मलाच सांगायचं राहिलं."

"आवडता तुम्ही मला," तो एका दमात म्हणाला. "खूप."

मागच्या अंधारात कुणीतरी सुस्कारा सोडला. दोघांनीही वळून पाहिलं नाही.

"मलाही तुम्ही आवडता," शिडीवर पाय ठेवत ती म्हणाली. "रविवारी चिंचवडला घरी या. आईसमोर असंच सांगायचं... मान वर करून."