हिमराणीची तिसरी कोठी

तो टीव्ही बंद करा आधी. भुतं बघायला पडदा लागतो तुम्हाला! माहुलचा धर्मा कोळी माझ्या जवळचा, म्हणून सांगतो.

चौऱ्याऐंशीची वैशाख अमावास्या, बुधवार. माहुलच्या खाडीत ‘हिमराणी’ बोट मोडायला आणून टाकली होती. कसली राणी! महायुद्धात घाईघाईने ठोकलेलं लोखंडी खोकं. आधी पलटणींना गोठवलेलं मटण पुरवलं, मग आखातात फळं नेली, म्हातारपणी कोळंबी. धर्माने तिच्या बर्फाच्या कोठ्यांत उमर घालवली. तिचं नाव निघालं की थुंकायचा.

त्याहून जास्त थुंकायचा अनंतावर. अनंता त्याच्याच आळीतला, जहाजावर त्याच्याच पाळीचा. एडनला माल उतरवताना नाहीसा झाला. कंपनी म्हणाली, पळाला. या शहाण्या धर्माने गावभर केलं की बायकोला टाकून गेला हलकट. त्याची बायको अंजनाबाई तेव्हापासून मान खाली घालून मासळी विकायची.

मालकाचा दलाल जयवंत, तोही एक नग. भंगारवाले यायच्या आत कोठ्यांच्या दारांचे पितळी दांडे काढून आण म्हणाला. धर्मा रात्रीच्या भरतीला एकटाच होडी घेऊन गेला. दोन कोठ्यांचे दांडे निघाले. तिसरी कोठी एडनच्या त्या फेरीपासून बंद. यंत्र बिघडलंय म्हणून कुणी उघडलीच नव्हती.

धर्माने दांडा धरला. हात चिकटला. बर्फ...

जहाजाची यंत्रं कधीच थंडावली होती.

त्याने जोर लावला. दार उघडलं. बॅटरी विझली. आत कुणीतरी श्वास घेत होतं.

“कोण रे?”

“धर्मा.” अगदी कानाशी. “दार लावू नको. घरी जायचंय.”

आवाज ओळखीचा होता.

धर्मा पळाला. दार उघडंच राहिलं.

सकाळी जयवंत त्याला फिदीफिदी हसला. स्वतः जाऊन बघून आला. तिसरी कोठी रिकामी, कोरडी ठणठणीत. धर्मा तडक अंजनाबाईकडे गेला, पाया पडायला.

ती दारातच उभी होती, खाली बघत. ऊन चढलं होतं. अंगाची लाही होत होती.

उंबऱ्यावर बर्फाची पांढरी पावलं. अनवाणी... आत जाणारी.

बाहेर येणारं एकही नव्हतं.