मुर्माननं घेतलेलं नाव

वीज गेली, तशी सगळी पोरं मधल्या बोळात ओतियाकाकांच्या मेणबत्तीभोवती गोळा झाली.

"सांगतो," काका म्हणाले. "पण खाली जाऊन मुर्मानला विचारायचं नाही. त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे. मला एकदाच सांगितली त्यानं."

"काका, तुमच्या भुतांना रात्रीच बरं काम निघतं?" मारिता म्हणाली.

"दिवसा तुझी बडबड चालू असते, म्हणून. ऐक आता."

चार वर्षं झाली. गिओर्गोबाच्या सणाची आदली रात्र, बावीस नोव्हेंबर. कुताइसीला आपल्या सुखुमीकडच्याच एका वारलेल्या म्हाताऱ्याचं चाळिसाव्या दिवसाचं जेवण होतं. एतेरीमावशीला तिथं न्यायचं आणि रात्री परत इथं त्स्काल्तुबोला आणून सोडायचं, एवढंच मुर्मानचं काम. गाडी त्याचीच.

एतेरीमावशी म्हणजे वरच्या मजल्यावरची. तिचा मुलगा गोचा. लढाईत सुखुमी पडली तेव्हा बावीस वर्षांचा. आम्ही सगळे बर्फातून, डोंगर ओलांडून आलो आणि या जुन्या आरोग्यधामाच्या खोल्यांतून राहायला लागलो. तो मागे राहिला. त्याला मेलेला कुणी पाहिला नाही, जिवंतही पाहिला नाही. मावशी रोज त्याचं ताट वाढायची. तिच्यासमोर गोचा 'होता' म्हणायचं नाही, 'आहे' म्हणायचं, हे या इमारतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्या जेवणाला तमादा आलाच नाही, आजारी पडला. कोणता पेला कुणासाठी उचलायचा ते सांगणारा माणूसच नाही म्हटल्यावर पंगत मुकी झाली. लोकांनी मुर्मानला उठवलं.

"अहो, मला गाडी चालवायचीय."

"ओठ ओले कर नुसते! तोंड तर चालव. एरवी बंद कुठं असतं तुझं?"

उठला बिचारा. चांगला बोलला. मग मृतांचा पेला आला. वाइनचे दोन थेंब पावावर पाडायचे, गेलेल्यांची नावं घ्यायची आणि प्यायचं. त्यानं बापाचं नाव घेतलं. थोरल्या भावाचं घेतलं. सुखुमीच्या गल्लीतल्या दोघातिघांचं घेतलं. त्या गल्लीत त्याचा सगळ्यात जिवलग दोस्त कोण? गोचा. जिभेवर आलं आणि तोंडातून निघून गेलं.

पंगत प्याली. आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं.

मृतांसाठी प्यालेला पेला माघारी घेता येत नाही, पोरांनो. त्याला उतारा नाही.

मावशीनं आपला भरलेला पेला तसाच खाली ठेवला. "निघू या, मुर्मान," एवढंच म्हणाली.

गाडीत तो म्हणाला, "मावशी, चुकलो मी. जीभ झडू दे माझी."

"रस्त्याकडे बघ, बाळा."

थोड्या वेळानं काचेला डोकं टेकून तिचा डोळा लागला. बाहेर धुकं होतं. शहराचे दिवे मागे पडले आणि पुढं रस्त्याच्या मधोमध एक गाय बसलेली दिसली. मुर्माननं गाडी थांबवली. भोंगा वाजवला. गाय हलेना.

मागचं सरकतं दार उघडलं.

सावकाश. पूर्ण.

मग लागलं.

"मुर्मान."

त्यानं आरशात पाहिलं. उन्हाळ्यातला पातळ सदरा. केस ओले. बावीस वर्षांचं तोंड... आणि आरशाच्या कडेला मुर्मानचे स्वतःचे पिकलेले कल्ले.

"मी येत होतो रे."

मुर्मान आरशातच बघत राहिला.

"अर्ध्या वाटेवर, झुग्दिदीपर्यंत आलो होतो. चालत... नाव का घेतलंस?"

"गोचा, मी..." एवढंच फुटलं. त्याला म्हणायचं होतं, तू जिवंत आहेस, घे, आत्ता म्हणतो, जिवंतांचा पेला उचलतो.

"आता मला उंबरा ओलांडता येणार नाही," मागचा म्हणाला. चिडून नाही. दमलेला माणूस बोलतो तसं. "आईला उठवू नकोस."

"एकदा तिला भेट तरी..."

"बघतोय ना."

गाय उठली. गाडी निघाली. मागं कुणीतरी श्वास घेत होतं. घरापर्यंत.

अंगणात गाडी थांबली तेव्हा मागचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. मावशी जागी झाली.

"कुणाशी बोलत होतास?"

"गाय होती... रस्त्यात."

मावशी वळली आणि मागच्या रिकाम्या आसनाकडे बघत राहिली. पुष्कळ वेळ. मग उतरून जिना चढली. मुर्मान तिच्या मागोमाग गेला. तिच्या दाराशी त्याला राहवलं नाही.

"मावशी, आज दार उघडं ठेव."

तिनं का म्हणून विचारलं नाही. दार सताड उघडून आत खुर्ची टाकून बसली. वारा नुसता कापत होता. मी पाणी घ्यायला उठलो होतो, तेव्हा तिचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं.

"ये आत. ये रे. तुझंच घर आहे."

मग पुन्हा.

"ये ना..."

जिन्यावर कुणीतरी उभं होतं. मला दिसलं नाही. पण होतं. मावशी, मुर्मान आणि मी, तिघंही जागे होतो, आणि करता येण्यासारखं काहीच नव्हतं.

उजाडायच्या सुमाराला तिला डुलकी लागली म्हणे. मग तिची हाक आली तसा मी धावत गेलो. त्या आठवड्यात तिचं थंडीचं सरपण येऊन पडलं होतं, खाली अंगणात, ओंडकेच्या ओंडके. फोडायला माणूस मिळत नव्हता. ते सगळं फोडून तिच्या दाराच्या दोन्ही अंगांना चौकटीपर्यंत रचलेलं होतं. उंबऱ्याच्या बाहेर. साल भिंतीकडे आणि पांढरी बाजू पुढं.

"असं गोचा रचतो," मावशी म्हणाली.

आपल्या इमारतीत त्या रात्री कुऱ्हाडीचा घाव कुणी ऐकला नाही. मी खाली जाऊन पाहिलं. ओंडके होते तिथली जमीन कोरडी, स्वच्छ होती. एक ढलपीसुद्धा पडलेली नव्हती.