खालून आलेला हिसका

ज्याला हसायचं आहे त्याने आत्ताच हसून घ्यावं. ही गोष्ट घडलेली आहे. महिपतने ती मरेपर्यंत एकाच तऱ्हेने सांगितली, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

एकोणीसशे त्रेचाळीसचा चैत्र. वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारची. जागा, शहापूर तालुक्यात डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्याची विहीर.

महिपत लोकल बोर्डाचा मुकादम. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ येऊ नये म्हणून पावसाआधी गावोगावच्या विहिरींतला गाळ काढायचा, हे त्याचं काम. हाताखाली दोन माणसं. कमळू खाली उतरायचा आणि बुधू गाळाची बादली वर ओढायचा. कमळूच्या कमरेची दोरी मात्र महिपत स्वतःच्या हातात धरायचा. बारा वर्षं धरली होती.

या कामाचे दोन नियम होते.

पहिला कंदिलाचा. जुन्या विहिरीच्या तळाला वाईट हवा साचते. ती दिसत नाही, वासाने कळत नाही. म्हणून आधी पेटता कंदील सोडायचा. विझला, तर त्या दिवशी कोणी उतरायचं नाही.

दुसरा दोरीचा. वरच्याने सावकाश पाच विसा मोजायच्या, म्हणजे शंभर, आणि दोरीला एक हिसका द्यायचा. खालून एक हिसका आला की सगळं ठीक. दोन आले तर वर ओढायचं.

त्या दिवशी कंदील होता. रॉकेल नव्हतं.

लढाईचे दिवस, रॉकेल औषधालाही मिळत नव्हतं. कंदिलासाठी मिळालेली बाटली महिपतने घरी नेली होती. सून बाळंतपणात अडली होती, दोन रात्री दिवा जळत ठेवावा लागला. सून वाचली, नातू वाचला. त्याला दोष कुणी द्यावा? त्याने स्वतःच दिला, जन्मभर.

कमळूने कंदील कानाशी हलवून पाहिला. महिपत म्हणाला, मागल्या साली उतरलेलीच विहीर आहे, जा.

कमळू हसला. "तुमी हाय ना वरती. मंग काय भ्यायचं?"

महिपतने त्याच्या कमरेला गाठ मारली. कमळू उतरला.

विहिरीच्या मध्यावर खडक पुढे आला होता, त्यामुळे वरून तळ दिसत नसे. पहिली बादली वर आली. दुसरी आली.

तिसरी आली नाही...

महिपतने पाच विसा मोजल्या, हिसका दिला.

खालून एक हिसका आला.

ठीक आहे. दम खात असेल.

पुन्हा पाच विसा. पुन्हा एक हिसका. बुधूने वाकून हाक मारली. नुसता घुमारा उठला आणि विरला. त्या विहिरीच्या कपारीत पारवे राहत. एवढ्या मोठ्या हाकेला एकही पारवा उडाला नाही.

बुधू म्हणाला, वर घेऊ या. महिपत चिडला. हिसका येतोय म्हणजे माणूस शुद्धीवर आहे, सावलीत बसून अंग चोरतोय, वर येऊ दे मग बघतो, असं म्हणाला. हे शब्द त्याला पुढे फार डाचले.

नऊ वेळा त्याने विचारलं. नऊ वेळा उत्तर आलं.

दहाव्या वेळी मोजत मोजत तो चौथ्या विशीत होता. अजून त्याने हिसका दिलाच नव्हता...

खालून आधीच आला.

एक.

दोघांनी मिळून दोरी ओढली.

दोरी हलकी आली.

टोकाचा फास रिकामा होता. गाठ महिपतने मारली तशीच. कुणी सोडली नव्हती.

बादल्या काढायचा गळ टाकून कमळूला वर आणेपर्यंत ऊन कललं. अंग कालपासून मरून पडल्यासारखं ताठ. आणि तळहात... तळहात स्वच्छ. गाळाचा एक डाग नाही.

मग त्या दोन बादल्या भरल्या कुणी?

कमळूची बायको लहानी रडली नाही. तिने एकच विचारलं.

"कंदील सोडला व्हता का?"

बुधू दोरी गुंडाळू लागला.

"सोडला व्हता," महिपत म्हणाला. "जळत व्हता."

पंचनाम्याच्या कागदावरही तेच गेलं.

महिपतचं मात्र विहिरींच्या कामावरचं मन उडालं. पुढच्या विहिरीवर त्याने आधी कंदील सोडला, कुठूनसं रॉकेल पैदा करून. खाली माणूस नव्हता. फक्त कंदील. ज्योत संथ होती.

आणि त्या दोरीला एक हिसका आला...

त्याने कंदील तिथेच टाकला आणि हातापाया पडून रस्त्याच्या कामावर बदली करून घेतली.

पण त्याची थाप मागे राहिली आणि गाळ काढणाऱ्या टोळ्याटोळ्यांतून फिरली. कंदील जळत होता तरी माणूस गेला, मग कंदील हवा कशाला? रॉकेलही मिळत नव्हतंच. शहापूरपासून मुरबाडपर्यंत सगळ्यांनी कंदील घरी ठेवले. महिपतला याचा पत्ताही नव्हता.

पुढच्या चैत्रात तो सिद्धगडाच्या पायथ्याशी रस्त्यावर खडी टाकत होता. दुपारी पाणी प्यायला विहिरीवर गेला, तर तिथे गाळाचं काम चाललेलं. काठावर नवा मुकादम नथू, तोंडात विडी, हातात दोरी. खाली कोण म्हणून विचारलं, तर बुधू.

"कंदील?" महिपतने विचारलं.

"तुमच्याच विहिरीवर जळत व्हता ना? काय उपेग झाला?"

महिपतने वर्षभर दडवलेलं तेव्हा बाहेर पडलं.

"नव्हता जळत. मी खोटं बोललो, नथू. वर घे त्याला."

नथूने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. कमळू गेल्यापासून महिपतचं डोकं ठिकाणावर नाही, असं लोक म्हणतच होते. महिपतने विचारलं, शेवटची बादली कधी आली? नथूने खांदे उडवले. झाला असेल थोडा वेळ.

"घोर नका करू. हिसका येतो हाय बराबर," तो म्हणाला, आणि दोरी महिपतच्या हातात दिली. "घ्या, तुमीच बघा."

महिपतने मोजलं नाही. हिसका दिला नाही. दोरी नुसती धरली...

एक हिसका आला.

तो ओढत सुटला.

दोरी हलकी आली.

महिपत पुढे बरीच वर्षं जगला. त्याला जगणं म्हणायचं तर. लहानीला खरं सांगायला तो दोनदा तिच्या दारापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा मागे फिरला. मग ती वारली. त्यानंतरच तो ही गोष्ट सांगू लागला.

शेवटच्या दुखण्यात त्याची बोटं गोधडीवर सावकाश मोजत राहत. पाच विसा झाल्या की उजवा हात एकदाच ओढला जाई. घरचे म्हणत, वात झालाय, भ्रमात करतो.

ज्या सुनेसाठी दोन रात्री दिवा जळला होता, तिने एकदा तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

म्हातारा गाढ झोपला होता. बोटंही थांबली होती.

तरी तिला तो हिसका लागला...

एकच.