शेवटची टोपली

त्या दिवशी माझा संगणक सुरूच झाला नाही, म्हणून मी सूरजच्या शेजारी जाऊन बसले. गडचिरोलीच्या आमच्या कॉलेजात चालू संगणक मोजकेच. मग पंधरा दिवस दोघांत एकच कीबोर्ड... मी आरमोरीची दिव्यानी, वर्गात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. त्याच्यासमोर मात्र माझी बोलती बंद व्हायची.

प्रॅक्टिकल असेंब्ली या संगणकाच्या भाषेचं होतं. फाईल वाचायची आणि पडद्यावर दाखवायची. मी एकेक अक्षर मागवत होते, प्रोग्राम रखडत होता.

"माहे बाबा तलावावरून एकेक मासोळी घरी नाई आणत," सूरज म्हणाला. "टोपली भरूनच आणतेत. तू बी पाचशे बारा अक्षरं एकदम आण, बफरमध्ये, म्हंजे मेमरीतल्या टोपलीत ठेव, अन् मंग एकेक काढ. बफर सरला का पुन्हा भर."

तसं लिहिलं. तपासायला लांब फाईल हवी होती, म्हणून सूरज पाणी प्यायला गेला तेवढ्यात मनात येईल ते टाइप केलं – धानाची रोवणी, आईचा फोन, आणि मध्येच, 'सूरज मले आवडते, पण सांगाची हिंमत नाई.' पडद्यावर शेवटच्याच ओळी राहतात, मधलं वर सरकून जातं. त्यामुळे मी बिनधास्त होते.

तो परत आल्यावर प्रोग्राम चालवला. फाईल संपली तरी अक्षरं येतच राहिली... आणि सगळ्यात खाली नेमकी तीच ओळ येऊन थांबली.

मी पडद्यावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. सूरजचे कान लाल झाले होते.

"शेवटची टोपली अर्धीच भरली," तो हळूच म्हणाला. "किती अक्षरं आली, ते तू मोजलंच नाई. खाली आधीचे मासे राह्यले, तेच तू पुन्हा विकून राह्यली."

"शिळे हायेत म्हणतोस?"

"ते तुले माहीत."

"नाई," मी म्हणाले. "ताजेच हायेत."

त्यानं नजर पडद्यावरून हलवली नाही. मला रडूच यायचं बाकी होतं. मान खाली घालून मी चूक सुधारली – आली तेवढीच अक्षरं मोजून छापायची. तेवढ्यात त्यानं कीबोर्ड ओढून माझी फाईल उघडली. आता ओळ खोडणार, असं वाटून मी दुसरीकडे पाहिलं.

त्यानं काहीतरी टाइप केलं आणि प्रोग्राम चालवला. या वेळी अक्षरं जिथे संपायची तिथेच संपली. माझी ओळ होती तशीच वर सरकून जाताना दिसली. सगळ्यात खाली एक नवी होती –

'दिव्यानी, हिंमत मले बी नव्हती.'

मी प्रोग्राम पुन्हा चालवून पाहिला. खोटं कशाला बोलू, तीनदा.