मंगळवारी मरणाऱ्या पाणपिसवा

तो पहिल्यांदा दारात आला, तेव्हा मी टेबलाखाली रांगत होते.

"मॅडम, काही हरवलंय का?"

"हवा!" मी खालूनच ओरडले.

प्रयोगशाळेतल्या टाकीला हवा देणारा पंप बंद पडला होता आणि दुरुस्तीला याला पाठवलं होतं. मी घाईनं उठले आणि डोकं टेबलावर आपटलं. तो हसला नाही. फक्त ओठ घट्ट दाबून धरले... तिथेच मला तो आवडला.

पंप तासाभरात सुरू झाला. तरी पुढच्या मंगळवारी स्वारी हजर.

"आज काय?"

"देखभाल."

त्याच्या पुढच्या मंगळवारी — "देखभालीची देखभाल."

टाकीत मनगटापर्यंत हात बुडवून तो बुडबुडे चाचपायचा आणि प्रश्न विचारायचा. मी सांगत बसायचे, की नदीचं पाणी विषारी आहे का, हे मी पाणपिसवांना विचारते. मोहरीएवढे, काचेसारखे जीव. काळीज धडधडताना बाहेरून दिसतं.

"माणसांचंही दिसलं असतं, तर किती त्रास वाचला असता..." तो म्हणाला.

मी पटकन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. त्याचा दिवा लावलाच नव्हता.

इकडे माझं काम मात्र गाळात चाललं होतं. एक रंगाचा कारखाना नदीत सांडपाणी सोडत होता. ते घातक आहे, हे मला महिन्याभरात सिद्ध करायचं होतं. सांडपाण्यातल्या पिसवा मरत होत्या, ते ठीकच. पण तुलनेसाठी टाकीच्या स्वच्छ पाण्यात ठेवलेल्याही दर बुधवारी सकाळी गार! म्हणजे अख्खी चाचणी बाद.

"तुझं स्वच्छ पाणी कारखान्याच्या वरताण आहे," प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले. "आता शेवटची संधी. नाहीतर कारखाना सुटला."

मी नळ बदलला, ग्लास दहादा धुतले, जेवण विसरले. "किड्यांपायी उपाशी राहणारी तू पहिलीच," आई करवादली. शेवटी नोंदवही घेऊन तारखा पाहिल्या. बुधवार, बुधवार, बुधवार. आणि आदल्या दिवशी...

मंगळवारी मी त्याला दारातच अडवलं.

"हात पुढे करा."

त्यानं मोठ्या आनंदानं केले. मी मनगट हुंगलं.

"हे काय आहे?"

"अत्तर..." त्याचे कान लालबुंद झाले. "पहिल्या दिवशी नव्हतं लावलं."

"का?"

"तुम्ही इथे असता, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?"

मी त्याचं मनगट पटकन सोडलं. "अहो, तुम्ही साठ जीव घेतलेत!"

"अत्तरवाला म्हणाला होता, समोरचं माणूस घायाळ होईल. बाकीच्यांचं काही बोलला नाही हो तो..."

मी टाकी धुतली, पाणी बदललं आणि त्याला हद्दपार केलं. दोन दिवस तो जेवणाच्या सुट्टीत काचेच्या दाराबाहेर हात मागे बांधून उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी मी स्वच्छ पाण्यातल्या पिसवा मोजल्या. विसातल्या वीस जिवंत! दोन्ही हातांची बोटं मी त्याला दोनदा दाखवली. त्यानं अशी उडी मारली, की मागून येणाऱ्या सरांचा चहा सरांच्याच शर्टावर.

अहवाल मान्य झाला. कारखान्याच्या सांडपाण्याला कुलूप लागलं.

पुढच्या वेळी नदीचं पाणी आणायला मी त्याला सोबत नेलं. मी वाकून बाटली भरत होते. मी पडू नये म्हणून त्यानं माझा हात धरला होता आणि स्वतः गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "माझ्याशी लग्न कराल?"

"आधी पाय बाहेर काढा."

"आधी उत्तर."

पाणी संथ वाहत होतं. माझं काळीज बाहेरून दिसत असणार, अशी मला खात्रीच वाटली.

"हो," मी म्हणाले. "आता काढा!"

दोघांनी मिळून ओढलं. पाय निघाला, बूट नाही.

संध्याकाळी तो आमच्या दारात उभा राहिला — एका पायात बूट, दुसऱ्यात चिखलानं माखलेला मोजा. आईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"बाहेर काय उभा राहिलायस?" ती त्याला म्हणाली. "आत ये. पाय धुऊन घे."