चारदा जळलेला फ्यूज

गॅरेजच्या मालकीणबाई ताईंच्या दारात आल्या तेव्हा रडून त्यांचा चेहरा सुजला होता. आणि गुन्हा म्हणावा तर एका गाडीचा एसी बंद पडला होता, इतकाच.

छोटूला हसू आवरेना. छोटू म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. वय अठ्ठावन्न, उंची सहा फूट, पण घरात पडलेलं नाव काही सुटत नाही. ताई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि आता लोकांची कोडी सोडवत. छोटू त्यांच्याबरोबर हिंडे आणि दर वेळी नेमका चुकीच्या माणसावर संशय घेई.

मालकीणबाईंची हकिगत अशी. एका वयस्क शर्यतपटूंची लाल स्पोर्ट्स कार त्यांच्याकडे दुरुस्तीला येई. तिच्या एसीचं पॅनेल, म्हणजे गाडी थंड-गरम करायच्या बटणांची पट्टी, दोन महिन्यांत चार वेळा बंद पडलं. दर वेळी फ्यूज जळालेला. मिस्त्रीकाका नवा घालत, पॅनेल उजळे, आणि दहा-बारा दिवसांत पुन्हा तेच. म्हणजे आत कुठेतरी तारेला तार लागत होती आणि काकांना ती सापडत नव्हती.

"उद्या गाडी पेटली तर? काकांचा हात गेला, कसब संपलं, असं सगळे म्हणतात," मालकीणबाई म्हणाल्या. "शनिवारी त्यांना घरी बसा म्हणून सांगायचंय. मी त्यांच्या मांडीवर बसून पान्यांचे नंबर शिकले हो, ताई."

गॅरेजच्या फाटकाच्या डाव्या खांबावर लाल रंगाचा ओरखडा होता. फाटकच अरुंद, असं छोटू म्हणाला. तेवढ्यात एक ट्रक आरामात आत आला.

मिस्त्रीकाका मोजकं बोलत. डाव्या सीटसमोर पायाशी असलेली फ्यूजची पेटी त्यांनी उघडून दाखवली. त्यांचा शिरस्ता ठरलेला होता. स्वतः बसवलेल्या प्रत्येक वस्तूवर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा, आणि काढलेली जुनी वस्तू पाकिटात घालून गिऱ्हाइकाला परत करायची, म्हणजे शंकेला जागा नको. पहिल्या वेळी शर्यतपटूंनी गाडी स्वतः आणली होती. नंतर मात्र काकाच जाऊन आणत.

ताईंनी कामाची कार्डं चाळली. तीस वर्षं काकांनी प्रत्येक बिघाडाचं कारण खडानखडा लिहिलं होतं. या गाडीच्या पहिल्या कार्डावरही होतं: फ्यूज जुना, आपसूक जळाला. पुढच्या तीन कार्डांवर कारणाची जागा कोरी. का, असं ताईंनी विचारलं तेव्हा काका फडक्याला हात पुसत राहिले.

कालच काढलेला फ्यूज पाकिटात होता. ताईंनी तो उजेडात धरला. निळं प्लास्टिक सगळीकडून स्वच्छ, आतली तार मात्र तुटलेली.

काकाच जळके फ्यूज घालून काम वाढवतात, असं छोटूने शर्यतपटूंच्या घरी जाताना वाटेत ठरवून टाकलं.

शर्यतपटूंचा ताठा अजून तसाच होता. गाडीतलं एक बटण जरी मेलं तरी ती फिरायला काढायची नाही, हा त्यांचा तरुणपणापासूनचा नियम. या दोन महिन्यांत तीनदा रविवारी घाट चढायचं ठरलं होतं, आणि तिन्ही वेळा ऐनवेळी पॅनेल रुसलं. हे सांगता सांगता त्यांचा डावा हात पाण्याच्या पेल्याला लागला आणि पेला छोटूच्या अंगावर लवंडला. पेला तिथे ठेवलाच कुणी, म्हणून ते उलट छोटूवरच चिडले.

धांदलीत छोटूच्या शर्टाचं बटण तुटलं. आजींनी, म्हणजे शर्यतपटूंच्या पत्नीने, ते लावून दिलं. लग्नाआधी आपणही गाडी चालवायचो, असं त्या सुईत दोरा ओवताना म्हणाल्या. मग यांची गाडी आली आणि त्या डावीकडे बसल्या, त्या बसल्याच. त्यांच्या डब्यात लाल ठिपक्यांची तीन निळी बटणं होती आणि एकालाही भोक नव्हतं. छोटूने निरखून पाहताच त्यांनी डबा मिटला. असल्या बटणांचा शर्ट असतो तरी कसला, असं त्याने रस्त्यात ताईंना विचारलं. ताई हसल्या नाहीत.

शनिवारी सकाळी ताईंनी आजींना गॅरेजात बोलावलं, डब्यासकट.

"फ्यूज चार वेळा जळला नाही," ताईंनी सुरुवात केली. "एकदाच जळला. काकांनी बसवलेल्या फ्यूजवर ठिपका असतो, आणि हा कोरा आहे. म्हणजे हा पहिल्या वेळी काढून पाकिटातून घरी पाठवलेला जुनाच फ्यूज. कुणीतरी दर वेळी काकांचा चांगला फ्यूज काढून हा जळका बसवतं. चांगले तीन कुठे गेले, ते छोटूने पाहिलंय."

"ती बटणं?" छोटू म्हणाला.

"भोक नसलेली बटणं. आणि फ्यूजची पेटी डावीकडे बसणाऱ्याच्या पायाशी असते."

खांबावरचा ओरखडा डावीकडे, लवंडलेला पेलाही डावीकडे. शर्यतपटूंना त्या बाजूचं दिसत नव्हतं.

आजींनी डबा काकांपुढे ठेवला. "डॉक्टरांचं नाव काढलं की घर डोक्यावर घेतात. गाडी सोडा, असं कुठल्या तोंडाने सांगू? गाडी बिघडली की आपणहून घरी बसायचे. पण काका, तुमच्या पोटावर पाय येईल हे माझ्या मनातही आलं नाही."

"काकांच्या आलं होतं," ताई म्हणाल्या. "ठिपका नाही हे त्यांना दुसऱ्याच वेळी कळलं. खोटं लिहवेना म्हणून कार्डं कोरी ठेवली. हा जळका फ्यूज कचऱ्यात टाकला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं. त्यांनी तो दर वेळी पाकिटात घालून आजींकडे परत पाठवला."

काकांनी फाटकाकडे बोट दाखवलं.

"खांबाला घासली तेव्हा मी तिथंच उभा होतो. त्यांना दिसलोच नाही. डावीकडे होतो ना मी. माझा हात गेला म्हणाले तर म्हणू देत. त्यांचा डोळा गेला, हे चारचौघांत व्हायला नको होतं."

मालकीणबाईंनी त्यांचा तेलकट हात दोन्ही हातांत घेतला आणि लहानपणीसारखं रडून घेतलं. लपवून डोळा बरा होत नाही, आजच सांगा, असं ताईंनी आजींना बजावलं. छोटूनेही डोळे पुसले. मनातल्या मनात त्याने काकांची माफी मागितली.

पुढच्या शनिवारी लाल गाडी बैलगाडीच्या चालीने फाटकातून आत आली. दोन्ही खांब सुखरूप राहिले. स्टिअरिंगवर आजी होत्या, घामाघूम. डावीकडे शर्यतपटू बसले होते, तोंड फुगवून.

"डॉक्टरांनी चालवायला बंदी केलीय," ते काकांना म्हणाले. "हवेचं तेवढं मी बघतो." त्यांनी बोटांनी चाचपून पॅनेलचं बटण शोधलं आणि गार झोत आजींकडे वळवला.

काकांनी नवं कार्ड घेतलं. कारणाच्या जागी त्यांनी खडानखडा लिहिलं: बिघाड नाही. चालक बदलला.